गावची बातमी आणि गावची सोय : आयर्लंडमधील स्किबरीनचे उदाहरण



आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी, कॉर्क काउंटीच्या पश्चिम भागात, आयलन नदीच्या काठी स्किबरीन नावाचे एक छोटे शहर आहे. शहर म्हणायचे ते तिथल्या रिवाजाप्रमाणे. वस्ती तीन हजारांच्या आतबाहेर, म्हणजे आपल्या हिशेबाने मोठे खेडेच. या गावातून १८५७ पासून 'स्किबरीन ईगल' नावाचे वर्तमानपत्र निघत असे. १८९८ च्या सप्टेंबरात या 'गरुडा'ने एका अग्रलेखात गंभीरपणे जाहीर केले की, रशियाच्या बादशहावर आमची नजर आहे! इकडे गाव एवढेसे, आणि तिकडे झारला तंबी! साऱ्या इंग्रजी जगाला हसू फुटले. आजही एखादे लहान पत्र मोठ्या गोष्टी बोलू लागले की त्या भागात स्किबरीनच्या गरुडाची आठवण काढतात.

ही गोष्ट सांगून लोक येथेच थांबतात. मला मात्र त्याच १८९८ सालची दुसरी एक गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. त्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने आयर्लंडसाठी स्थानिक स्वराज्याचा कायदा केला. तोपर्यंत काउंटीचा कारभार बड्या जमीनदारांच्या हाती होता. तो या कायद्याने लोकांनी निवडलेल्या काउंटी कौन्सिलांकडे, आणि त्याखालच्या शहरी व ग्रामीण जिल्हा कौन्सिलांकडे आला. पात्र स्त्रियांनाही या निवडणुकांत मत मिळाले. म्हणजे गावचा रस्ता, गावचे गटार, गावचा दिवा यांचा जाब विचारण्याचा हक्क सामान्य माणसाच्या हाती आला, त्याच वर्षी गावच्या पत्राची नजर मात्र रशियाकडे लागली होती!

लहान गावाचे सार्वजनिक जीवन दोन पायांवर उभे असते. एक पाय म्हणजे गावची बातमी लिहिणारा कोणी असणे, आणि दुसरा म्हणजे त्या बातमीला उत्तर देण्यास बांधलेला कोणी असणे. यांतला एक जरी पाय लुळा पडला तरी गाव लंगडू लागते. हे सूत्र स्किबरीनच्या आधाराने आज आपल्याला पाहायचे आहे.

आधी बातमीचे पाहू. बातमी ही किती जीवनमरणाची वस्तू असू शकते, याचा अनुभव या गावाइतका थोड्याच गावांनी घेतला असेल. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि आयर्लंडात महादुष्काळ सुरू झाला. ऐंशी लाखांवर वस्तीच्या त्या देशातून काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तेवढीच देशोधडीला लागली. स्किबरीनच्या परिसरावर तर काळाने विशेष घाला घातला. गावाबाहेर अ‍ॅबीस्ट्रूरीच्या दफनभूमीत आठ ते दहा हजार माणसे पेट्यांवाचून, नावांवाचून पुरलेली आहेत. आजच्या गावात जितकी माणसे राहतात त्यांच्या जवळजवळ तिप्पट माणसे त्या एका तुकड्यात आहेत, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे.

ही वार्ता बाहेर कशी गेली? कॉर्कचे एक दंडाधिकारी निकोलस कमिन्स यांनी या भागात फिरून जे पाहिले ते वेलिंग्टनच्या ड्यूकला पत्राने कळवले. ते पत्र १८४६ च्या २४ डिसेंबरला, म्हणजे ऐन नाताळच्या आदल्या दिवशी, लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आले. गावातले डॉक्टर डॅनियल डोनोव्हन यांनी आपल्या दवाखान्याची रोजनिशी कॉर्कच्या पत्रातून प्रसिद्ध केली. १८४७ च्या फेब्रुवारीत 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'साठी जेम्स माहोनी हा कॉर्कचाच चित्रकार तेथे गेला. त्याने काढलेली चित्रे आजही त्या दुष्काळाचे पुस्तक उघडले की पहिल्यांदा समोर येतात. आकड्यांनी जे साधले नाही ते या डोळ्यांनी पाहिलेल्या बारीकसारीक तपशिलांनी साधले. आयर्लंडच्या बाहेरून आलेल्या अगदी आरंभीच्या मदतीत कलकत्त्याला उभारलेला निधी होता, ही गोष्ट आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. मदत अपुरी पडली, उशिरा पोचली, हे खरेच. पण जेथली बातमीच गेली नाही तेथे तीही पोचली नसती.

आता आजच्या दिवसात येऊ. 'ईगल'ला १८८९ साली 'सदर्न स्टार' हा प्रतिस्पर्धी लाभला. हे पत्र राष्ट्रीय मताचे. दोघांची झुंज चाळीस वर्षे चालली आणि १९२९ मध्ये 'स्टार'ने 'ईगल' विकत घेतले. झारवर डोळा ठेवणारा गरुड गेला, गावावर डोळा ठेवणारा तारा उरला. 'सदर्न स्टार' हे साप्ताहिक अजूनही त्याच गावातून निघते.

असल्या साप्ताहिकात असते तरी काय? परका माणूस ते चाळून बाजूला टाकील. डिस्ट्रिक्ट कोर्टात कोणाला विम्यावाचून मोटार हाकल्याबद्दल दंड झाला. काउंटी कौन्सिलच्या बैठकीत कोणत्या वळणावरच्या खड्ड्याची तक्रार झाली. गुरांच्या बाजारात वासरांना काय भाव आला. कुठल्या चर्चच्या हद्दीत पत्त्यांचा डाव रंगला. कुणाच्या घरी सुवर्णमहोत्सवी लग्नाचा वाढदिवस झाला. गावोगावचे हौशी वार्ताहर आपापल्या वाडीची टिपणे पाठवतात, आणि त्या टिपणांत शाळेच्या फोटोपासून फुटबॉल क्लबच्या सोडतीच्या आकड्यांपर्यंत सारे काही येते. परक्याला कंटाळवाणा वाटणारा हा मजकूर गावकरी मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतो, कारण त्यातला प्रत्येक माणूस त्याच्या ओळखीचा असतो. कोर्टाच्या दंडापेक्षा 'पेपरात नाव येईल' ही धास्ती मोठी असते, यातले मर्म आपणही ओळखू शकतो.

या क्षुल्लक वाटणाऱ्या मजकुरात एक सदर मात्र कायद्याचे आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. आयर्लंडात कोणाला नवे घर, दुकान किंवा कारखाना बांधायचा असेल, तर काउंटी कौन्सिलकडे अर्ज करण्यापूर्वी त्याने दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, त्या भागात खपणाऱ्या वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची. दोन, त्या जागेवर सर्वांना दिसेल असा फलक लावायचा. २००० सालच्या नियोजन कायद्याने घालून दिलेल्या रीतीप्रमाणे अर्ज पोचल्यापासून ५ आठवड्यांच्या आत कोणीही माणूस २० युरो भरून आपले म्हणणे लेखी मांडू शकतो, आणि कौन्सिलने साधारणतः ८ आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो. समजा, तुमच्या घरामागच्या ओढ्यावर कोणी गोदाम उभारू पाहतो आहे. ते तुम्हाला कळणार कसे? पेपरातल्या त्या चार ओळींनी. ज्याने त्या ओळी वाचल्या नाहीत त्याची मुदत टळली, आणि ओढ्याचे पाणी मात्र त्याच्याच अंगणात येणार! २००९ च्या नोव्हेंबरात स्किबरीनमध्ये पुराचे पाणी शिरून दुकाने आणि घरे बुडाली, आणि त्यानंतर नदीकाठी पूरसंरक्षणाचे बांध घालावे लागले. अशा गावात त्या चार ओळींची किंमत कोणास सांगायला नको. बातमी आणि सोय यांची गाठ कायद्यानेच कशी मारली आहे, ते येथे दिसते.

दुसरे सदर निधनवार्तांचे. आयर्लंडात माणूस वारला म्हणजे बहुधा दोन-तीन दिवसांत दफन होते, आणि त्या अवधीत साऱ्या पंचक्रोशीने येऊन घरच्यांचा हात हाती घेऊन दोन शब्द बोलावे, अशी रूढी आहे. न जाणे हे तेथे फार लागते. म्हणून वार्ता तातडीने कळणे अगत्याचे. साप्ताहिक येथे अपुरे पडते. ते काम प्रथम स्थानिक रेडिओने अंगावर घेतले. अनेक ठिकाणी निधनवार्ता दररोज ठरलेल्या वेळी वाचल्या जातात आणि स्वयंपाकघरातला आवाज तेवढा वेळ बंद होतो. २००५ मध्ये 'आर.आय.पी. डॉट आय.ई.' हे संकेतस्थळ निघाले आणि सारा देश सकाळी उठून ते पाहू लागला. २०२४ साली ते 'आयरिश टाइम्स'ने विकत घेतले, आणि २०२५ च्या आरंभापासून प्रत्येक निधनवार्तेस १०० युरो आकार बसला. त्यावर बरीच कुरकुर झाली. खर्च कोणीतरी सोसायलाच हवा, हे म्हणणे खोटे नव्हे. पण लोकांच्या मनाला जे लागले ते पैशाहून निराळे होते. जी गोष्ट आपण नळाच्या पाण्यासारखी सर्वांची समजत होतो तिला मालक आहे, हे त्यांना त्या दिवशी उमगले.

आता दुसरा पाय : सोयी, आणि त्यांचा जाब देणारा.

येथे आयर्लंडची एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे ध्यानात येणार नाही. १९२२ मध्ये स्वतंत्र झालेल्या त्या देशात स्थानिक संस्थांचे अधिकार युरोपातल्या पुष्कळ देशांच्या मानाने तोकडे आहेत. पोलीस, ज्यांना तेथे 'गार्डा' म्हणतात, ते मध्यवर्ती सरकारचे. शाळांचा पगार सरकारी शिक्षणखात्यातून. दवाखाने राष्ट्रीय आरोग्यसेवेचे. पाणी पूर्वी काउंटीकडे होते. ते २०१४ पासून एका राष्ट्रीय कंपनीकडे गेले. पाण्यावर पट्टी बसवण्याचा बेत निघताच गावोगाव मोर्चे निघाले, २०१६ मध्ये पट्टी स्थगित झाली आणि २०१७ मध्ये तो बेतच सोडून द्यावा लागला. कंपनी मात्र राहिली. २०२३ पासून तिचे नाव 'इश्का एरन'. त्याआधीही, १९७८ पासून, घरांवरची स्थानिक घरपट्टी रद्द झाली होती. लोकांना तेव्हा आनंद झाला. पण पट्टीबरोबर कौन्सिलच्या हातची किल्लीही दिल्लीदरबारी, म्हणजे तिथल्या डब्लिनदरबारी गेली, हे मागाहून कळले. २०१३ मध्ये मालमत्तेवरचा कर पुन्हा आला, तोपर्यंत पस्तीस वर्षे उलटली होती.

मग गावच्या हाती काय उरले होते? एक टाउन कौन्सिल. साधारणपणे नऊ सभासद, तुटपुंजा निधी, आणि महिन्याची बैठक. अधिकार किरकोळ : रस्त्यावरची गाडीतळे, बाजारपेठेची व्यवस्था, काही घरे, बागा, फलक. पण त्या बैठकीला 'स्टार'चा वार्ताहर बसलेला असे. सोमवारी एखाद्या बाईने दुकानात सभासदाला गाठून 'पुलाजवळचा दिवा लागत नाही' असे सांगितले, तर तो विषय बैठकीत निघे आणि त्या आठवड्याच्या अंकात छापला जाई. पुढच्या महिन्यात दिवा लागला नाही तर तीच बाई त्याच दुकानात पुन्हा भेटणार, हे सभासदाला ठाऊक असे. लोकशाहीचा हा सर्वांत लहान फेरा. तो फिरतो तोवर माणसाला आपण नागरिक आहोत असे वाटते.

१ जून २०१४ रोजी आयर्लंडातली सगळी, म्हणजे ८० टाउन कौन्सिले एका कायद्याने बरखास्त झाली. स्किबरीनचे त्यांत आलेच. देशातल्या स्थानिक संस्था ११४ वरून ३१ वर आल्या, निवडून येणाऱ्या सभासदांची संख्या १,६२७ वरून ९४९ झाली. कॉर्क काउंटीत आता ५५ सभासद आहेत, आणि त्यांची सभा भरते ती ८० किलोमीटरांहून दूरच्या कॉर्क शहरी. मधल्या पायरीला 'म्युनिसिपल डिस्ट्रिक्ट' असे नाव आहे. तिच्यात त्या भागातले सभासद एकत्र बसतात. पण स्वतःचे वेगळे अस्तित्व किंवा तिजोरी तिला नाही.

सरकारची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. देश तेव्हा कर्जाच्या गाळात रुतला होता आणि काटकसर भाग होती. शिवाय व्यवस्था वेडीवाकडी वाढलेली होती : तीन हजार वस्तीच्या स्किबरीनला कौन्सिल, आणि डब्लिनजवळच्या कितीतरी पट मोठ्या स्वोर्ड्सला नाही! अधिकार नसलेली सभा केवळ बोलण्यासाठी कशाला हवी, हा प्रश्नही गैरवाजवी नव्हता. तथापि अंग अशक्त झाले म्हणून त्याला बळ द्यायचे की ते कापून टाकायचे, या निवडीत सरकारने दुसरा मार्ग धरला. काटकसरीचा हिशेब कागदावर मांडता येतो. दुकानात गाठता येणारा सभासद गेला, याचा हिशेब मांडायला रकानाच नसतो.

येथे आपल्या मुलखाचा एक धागा सहज हाती येतो. ज्या मंत्रिमंडळाने हा कायदा आणला त्यात परिवहनमंत्री होते लिओ वराडकर. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मालवण तालुक्यातील वराड हे त्यांच्या वडिलांचे गाव. पुढे २०१७ ते २०२० आणि २०२२ ते २०२४ असे दोनदा ते त्या देशाचे पंतप्रधान झाले, आणि २०१९ च्या अखेरीस वराडला येऊन गेले. त्यांची स्वतःची राजकीय वाटचाल २००३ साली डब्लिनच्या उत्तरेकडील फिंगल काउंटी कौन्सिलातून सुरू झाली होती. मोठ्या सभागृहाकडे जाणारा जिना स्थानिक संस्थेतूनच चढावा लागतो. त्याची तळची पायरी काढून घेतली तर वर चढणारी माणसे यापुढे कोठून येणार, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

मग स्किबरीन मोडले काय? नाही; आणि हा भाग आपण शिकण्याजोगा आहे. या गावाला सोयी जाण्याची सवय जुनी आहे. १९६१ मध्ये पश्चिम कॉर्कची सारी रेल्वे बंद झाली आणि स्टेशन ओस पडले. अलीकडे बँकांचे तेच चालले आहे : २०२१ मध्ये बँक ऑफ आयर्लंडने देशातल्या ८८ शाखा एकदम मिटवल्या, २०२३ मध्ये अल्स्टर बँकेने तर देशातून गाशाच गुंडाळला. अशा वेळी लोकांनी आपणच चालवलेल्या संस्था उपयोगी पडतात. १९५८ साली डब्लिनमध्ये नोरा हर्लिही या शिक्षिकेच्या पुढाकाराने क्रेडिट युनियनची, म्हणजे आपल्या पतपेढीसारखी, चळवळ सुरू झाली, ती आज बहुतेक गावांत पोचली आहे. त्याच १९५८ साली 'टायडी टाउन्स' ही स्वच्छ गावांची स्पर्धा निघाली. पहिल्या वर्षी ५२ गावे उतरली आणि डोनेगॉलचे ग्लेंटीज पहिले आले. स्किबरीनच्या शेजारचे क्लोनाकिल्टी १९९९ साली देशात पहिले ठरले. संध्याकाळी झाडू आणि कुंड्या घेऊन निघालेले म्हातारे स्वयंसेवक पाहिले म्हणजे कळते की, शेजारच्या गावाची चांगली बातमी हाही एक चाबूकच असतो! सरकारनेही सारेच काढून घेतले असे नाही : सार्वजनिक वाचनालये विनामूल्य आहेत, आणि २०१९ पासून पुस्तक उशिरा परत केल्याचा दंडही माफ झाला आहे.

स्किबरीनने जुन्या वास्तूंना नवी कामे दिली. गावचा जुना गॅसचा कारखाना आता वारसाकेंद्र झाला आहे. ज्या दुष्काळाने गाव ओळखले गेले त्याचे प्रदर्शन तेथे आहे. २०१६ मध्ये काही गावकऱ्यांच्या खटपटीने 'लडगेट' नावाचे केंद्र उघडले. अतिवेगवान इंटरनेटची जोडणी मिळवून बाहेर गेलेली माणसे गावी बसून काम करू शकतील, हा हेतू. नाव कोणाचे? पर्सी लडगेट यांचे. हे १८८३ साली स्किबरीनला जन्मले आणि १९०९ मध्ये त्यांनी गणनयंत्राचा एक आराखडा प्रसिद्ध केला होता. आणि १९७० साली आयलनच्या पाण्यावर निघालेल्या रोइंग क्लबाने पॉल आणि गॅरी ओ'डोनोव्हन हे भाऊ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला पाठवले, त्यांनी रौप्यपदक आणले. पुढे पॉल ओ'डोनोव्हन आणि फिंटन मॅकार्थी या जोडीने टोकियो आणि पॅरिस अशा दोन ऑलिंपिकांत सुवर्ण मिळवले. नदी तीच, जी २००९ मध्ये घरात शिरली होती.

पण हुरळून जाऊन चालणार नाही. स्वयंसेवक कुंडीत फुले लावील. गटाराचा नळ कोणत्या मापाचा हवा हे तो ठरवू शकत नाही. नवे केंद्र दहा माणसे परत आणील. त्यांच्या मुलांसाठी घरे बांधण्याचा ठराव ते करू शकत नाही. आणि साप्ताहिक पत्र दिवा लागत नसल्याची बातमी छापील; पण ती बातमी आता कोणाच्या दाराशी टाकायची? पाण्यासाठी कंपनीकडे, रस्त्यासाठी काउंटीकडे, पुरासाठी सरकारी बांधकामखात्याकडे, असे बाणच बाण, आणि लक्ष्य मात्र दूर. बातमीचा पाय धडधाकट आहे, जाब देणाऱ्याचा पाय थकला आहे. बातमीला उत्तर मिळेनासे झाले की वाचकालाही तिचा कंटाळा येतो, आणि मग पहिला पायही दुबळा होतो. खरे भय आहे ते या गोष्टीचे.

श्रोतेहो, १८९८ च्या त्या गरुडाला जग हसले. मला वाटते, त्याचा दोष रशियाकडे पाहण्यात नव्हता. दूरच्या जुलमावर बोलण्याचा हक्क लहान गावालाही आहे. कमिन्सचे पत्र 'टाइम्स'ने छापले नसते, माहोनीची चित्रे लंडनने पाहिली नसती, तर आपणही दूरच्या स्किबरीनचे नाव ऐकले नसते. पण झारवर नजर ठेवल्याने झारला कधी उत्तर द्यावे लागले नाही. पुलाजवळच्या दिव्यावर नजर ठेवली तर उत्तर द्यावे लागते, जोवर उत्तर देणारा हाकेच्या अंतरावर आहे तोवर. म्हणून कोणत्याही गावची प्रकृती पाहायची असेल तर प्रथम दोन गोष्टी विचाराव्या : येथे न लागलेल्या दिव्याची बातमी कोण लिहितो? आणि ती वाचून दुसऱ्या दिवशी कोणाला खाली मान घालावी लागते? दोन्ही प्रश्नांना नावानिशी उत्तर मिळाले, तर ते गाव जिवंत आहे असे खुशाल समजावे.